लेसोथोची खबरबात

अमेरिकेतल्या अर्विंगच्या मराठी मंडळात श्रीरंग दाभाडकरांना पाठीमागे ‘लेसोथोचे राजदूत’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. पॉटलकच्या जेवणाला कुणी नवखा सापडला की ते ताटातल्या वाटीवर बोट ठेवून सांगत, असा आहे तो देश. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधे हा, समुद्र औषधालासुद्धा नाही. मग तिथला राजा, तिथले पंतप्रधान, घोंगड्या पांघरून घोड्यावरून फिरणारी डोंगरातली माणसं. ऐकणाऱ्याच्या पुऱ्या गार होत.

हा काही शौक नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी रुही तिथे होती. डोंगरातल्या शाळेत शिकवायला म्हणून गेली, आणि तिथल्याच तुमेलो नावाच्या शिक्षकाशी लग्न करून राहिली. व्हिडिओवर लग्न चाललं होतं तेव्हा श्रीरंगराव रागाने पार्कात फेऱ्या मारत होते. त्यांची बायको शैला पैठणी नेसून लॅपटॉपसमोर एकटीच बसली होती. पुढे शैला गेली. त्यानंतर रुही दर रविवारी सकाळी वडिलांना फोन करू लागली.

त्या फोनवर श्रीरंगरावांचा जीव टांगलेला असे. जावयाचं नाव काढलं तर जुनं भांडण उकरलं जाईल, आणि मग फोन येणारच नाही, ही धास्ती. राग केव्हाच विरला होता, पण तसं सांगायचं कसं हे त्या शहाण्या माणसाला कळत नव्हतं. मग बोलायचं काय? तर लेसोथोच्या बातम्या. आठवडाभर वाचून, चहा घेऊन, ते रविवारी तयारीत बसत.

मार्चमध्ये तो देश उभारणाऱ्या मोशोशो राजाचा स्मरणदिन आला, त्यांनी शुभेच्छा दिल्या. एप्रिलमध्ये अमेरिकेने टॅरिफची घोषणा केली आणि तिथले जीन्सचे कारखाने धोक्यात आले. श्रीरंगरावांनी दुकानं पालथी घालून लेसोथोत शिवलेली जीन्स शोधून काढली आणि पोटावर बसत नसताना विकत घेतली. ते ऐकून रुही खळखळून हसली. त्या हसण्यावर त्यांचा सबंध आठवडा गेला.

जूनमध्ये एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, एक सांगायचंय. आम्ही दोघं...”

‘दोघं’ म्हटल्यावर आता जावयाचा विषय निघणार, हे श्रीरंगरावांनी ओळखलं. त्यांनी घाईघाईने तिथल्या संसदेचा विषय काढला आणि दामटून बोलत राहिले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “इट्स ओके बाबा, नंतर सांगते.”

जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, राजाच्या वाढदिवसाच्या सुमारास डोंगरात बर्फ पडून घाट बंद झाले. श्रीरंगरावांनी रुहीचं गाव शोधत बातमी वाचली. शेवटी ‘जीवितहानी नाही’ असं दिसलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं. बर्फाचा फोटो त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि रुहीलाही पाठवला. खाली लिहिलं, ‘वा! काश्मीरच की!’ तिचं उत्तर आलं नाही. पुढचे फोनही त्रोटक होऊ लागले. थकलेय, म्हणायची. टॅरिफमुळे सगळा देशच काळजीत आहे, असा अर्थ त्यांनी लावला.

ऑक्टोबरात तिथला स्वातंत्र्यदिन शनिवारी आला. रविवारपर्यंत त्यांना धीर धरवेना, म्हणून त्यांनी स्वतःच फोन लावला. उचलला तो पुरुषाच्या आवाजाने. जावयाचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. तो संथ इंग्रजीत बोलत होता. रुही झोपली आहे, म्हणाला. आम्ही सकाळी शैलाकडे जाऊन आलो, आणि तिथून आलं की ती अशी पडूनच राहते.

“कोण शैला?” श्रीरंगरावांनी विचारलं.

तो म्हणाला, “आमची मुलगी. जुलैमध्ये झाली, फार लवकर. बर्फाने घाट बंद होता, हॉस्पिटलपर्यंत पोचता आलं नाही. थोडा वेळ श्वास घेत होती. नाव ठेवण्यापुरता वेळ मिळाला.”

श्रीरंगराव खुर्चीत बसले. काश्मीर, असं लिहिलं होतं आपण. त्यांना स्वतःची शिसारी आली.

“मला कुणी काहीच...” ते म्हणाले.

“जूनमध्ये ती सांगणार होती,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “मी शेजारीच बसलो होतो. तुम्हाला बाळंतपणाला बोलवायचं ठरलं होतं.”

त्या देशाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस हमसून हमसून रडू लागला. तिकडून फोन बंद झाला नाही. जावई थांबून राहिला.

“तुमेलो,” बऱ्याच वेळाने श्रीरंगराव म्हणाले. “तिला उठवू नकोस. तूच सांग. कशी दिसत होती?”

तुमेलो सांगू लागला. या वेळी श्रीरंगरावांनी विषय बदलला नाही.