आईचा गुळगुळीत फोटो

माझं काम लोकांना बरं दिसायला लावायचं. फोटोच्या दुकानात मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आहेत, त्यातला खिडकीजवळचा माझा. मुरुम काढायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, सुटलेली हनुवटी आवळायची, टक्कल चमकत असेल तर ती चमक मारायची. गिऱ्हाईक शेजारी बसून सांगतं, "ताई, जरा उजळ करा," आणि तयार फोटो बघून म्हणतं, "हा मी वाटत नाही हो." मग सांगितलंस कशाला बाबा! पण तोंड आवळून हसायचं. मालक म्हणतात, हसणं हाही धंद्याचाच भाग.

आई दादाकडे राहायची. गेली दोनेक वर्षं तिचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग आम्ही. मला ती कधी मावशी म्हणायची, कधी "या, बसा" म्हणून खुर्ची पुढे करायची. त्या सकाळी वहिनी आंघोळीला गेली तेवढ्यात तिनं दाराची कडी काढली आणि अनवाणीच बाहेर पडली. दादाचा फोन आला तेव्हा मी एका नवरीचे दात पांढरे करत होते. "आई तुझ्याकडे आलीय का गं?" एवढंच म्हणाला तो.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न हाच, की अलीकडचा फोटो आहे का. अलीकडचे फोटो ढिगानं होते. दादानं तिला नवा फोन घेऊन दिला होता. फोन लावणं तिला कधी जमलं नाही, पण कॅमेरा स्वतःकडे वळवून बघत बसायला भारी आवडायचं, आणि गोल बटण दाबलं की फोटो निघतो हे मात्र हाताला पक्कं बसलं होतं. दिवसभर स्वतःचेच फोटो. खिडकीपाशी, पलंगावर, अर्धं कपाळ, नुसता कान. वहिनीनं त्यातला सगळ्यात स्पष्ट निवडला. त्यात आई इतकी छान दिसत होती की आम्ही तिघंही क्षणभर बघत राहिलो.

"ओळखीची काही खूण?" पोलिसानं विचारलं.

"तशी काही नाही," दादा म्हणाला. मी शेजारीच उभी होते. मीही मान हलवली.

मालकांनी दुकानाचं छपाईचं मशीन माझ्या हवाली केलं. 'हरवल्या आहेत' असं वर, खाली वय सत्तर, निळा स्वेटर, पायात चप्पल नाही, विसरभोळ्या आहेत, आणि दादाचा नंबर. खांबांवर, दवाखान्यांच्या भिंतींवर, बसस्थानकावर आम्ही हे कागद हातांनी चिकटवले. ओळखीतल्या, बिनओळखीतल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवले. जीव नुसता टांगणीला लागला होता. दादाचा फोन वाजला की वहिनी स्वयंपाकघरातून ओल्या हातानं पळत यायची.

दोनदा फोन आले. दोनदा आम्ही धापा टाकत पोचलो, आणि दोन्ही वेळा भलत्याच ठणठणीत बायका निघाल्या. पन्नाशीच्या, पिशव्या भरून खरेदी करत असलेल्या. दुसरीनं तर दादाला भर बाजारात झाडलं. "मी हरवलेली दिसते का तुम्हाला?" दादा बिचारा हात जोडत मागे सरकला. मी मात्र तिच्याकडे टक लावून बघत होते. फोटोशी ती खरंच जुळत होती. तोच सपाट गाल, तेच लुकलुकणारे डोळे. आणि आईसारखी म्हणाल, तर मुळीच नाही.

तशीच दुकानात गेले आणि तो फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. मोठा केला, आणखी मोठा केला. अगं बाई! आईच्या जबड्यापासून कानामागे जाणारा भाजल्याचा चट्टा कुठाय? मी लहान असताना कुकरचं झाकण उडालं होतं, त्याचा. तळहाताएवढा, चुरगळलेल्या कागदासारखा. कपाळावरच्या आठ्या नाहीत, ओठांवरच्या बारीक चिरा नाहीत, डोळ्यांखालच्या पिशव्या नाहीत. फोननं आपणहून सगळं साफ करून टाकलं होतं. विकत घेतल्या दिवसापासून ती सोय चालूच होती, आणि ती बंद करावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आईला तर वाटत असेल, काय सुरेख आरसा मिळालाय! आईचा फोन माझ्याजवळच होता, त्यातले सगळे फोटो तपासले. प्रत्येकात तेच, एकजात गुळगुळीत. तिथल्या तिथे तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

"मग ते काढ ना," मागोमाग आलेला दादा म्हणाला. "तुझं तर कामच आहे. वरचा मुलामा काढून टाक."

"मुलामा नाहीये तो, दादा. खाली काही उरलेलं नसतं. पुसलं ते गेलं."

"असं कसं? कुठेतरी असेलच की."

"कुठेही नाही!" मी ओरडलेच. "आणि चट्टा सांगितला का नाहीस पोलिसांना? खूण काही नाही म्हणे!"

"तू होतीस ना तिथे? तू का नाही सांगितलंस?"

रोज बघून बघून तो आम्हाला दिसेनासाच झाला होता. आईचा चेहरा म्हणजे तो चट्टा धरूनच. खूण असते ती परक्या माणसाच्या अंगावर.

जुने फोटो उपसले. लग्नातल्या फोटोत ती वीस वर्षांची, चट्ट्याच्या कितीतरी आधीची. ओळखपत्रावरच्या फोटोत शाईतून फक्त नाकाचा शेंडा वर आलेला. दादाचा जुना फोन पाण्यात पडून केव्हाच गेला होता. म्हणजे आता एकच उपाय होता. आईचा चेहरा मी हातानं बनवायचा. जन्मभर जे पुसत आले, ते एकेक करून परत घालायचं.

बसले. दादा उजवीकडे, वहिनी डावीकडे. पहिलाच प्रश्न आला की चट्टा कुठल्या गालावर. दादा म्हणाला उजव्या. मी म्हणाले डाव्या, आणि लगेच माझीच खात्री डळमळली. समोरून बघतानाचा उजवा की तिचा उजवा? दोघांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. तिच्या पोटची आम्ही दोघं, आणि आम्हाला सांगता येईना. मला तर रडूच फुटलं.

"डाव्या," वहिनी हळूच म्हणाली. "मी रोज वेणी घालते ना. डाव्या कानामागे कंगवा लागला की त्या दचकतात."

पुढचं सगळं वहिनीनंच सांगितलं. इथे सुरकुती खोल, इथे एक तीळ, भुवई जवळजवळ नाहीच. मी काढत गेले. आणि ते मेलं सॉफ्टवेअर! दर वेळी फोटो साठवायला गेले की खिडकी उघडून विचारायचं, चेहऱ्यावर डाग आढळले आहेत, काढून टाकू का? नको रे बाबा, नको. तेवढेच तर हवेत. वैतागून मी माउस आपटला, तेव्हा मालक दारातून डोकावून गेले.

संध्याकाळपर्यंत पडद्यावर एक म्हातारी तयार झाली. दादा मागे सरकला.

"इतकी म्हातारी नाहीये ती."

"आहेत," वहिनी म्हणाली. "तुम्ही बघितलं नाहीत."

दादा बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला. थोड्या वेळानं आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "छाप."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बसस्थानकावर गेलो. जुना कागद काढून नवा लावायला लागलो तर खांबाशेजारी किल्ल्या बनवणारा बसतो, तो कानस खाली ठेवून उठलाच.

"या आजी?" तो म्हणाला. "या तर इथे बसल्या होत्या. या बाकावर."

दादानं त्याचा दंड धरला. "कधी?"

"झाले की चार-पाच दिवस. दुपारपासून होत्या. अंगात स्वेटर नव्हता. पायात कुणीतरी दिलेल्या पुरुषी चपला, या एवढ्या मोठ्या. मी पाणी दिलं, पाव दिला. घर कुठे म्हटलं तर नुसत्या हसायच्या."

"अहो, मग फोन नाही का करायचा! नंबर होता ना डोक्यावर!" मी जवळजवळ किंचाळले. बाकावरचे लोक वळून बघायला लागले.

"ताई, चिडू नका. मला वाटलंच होतं, म्हणून तर तो कागद बघितला. एकदा नाही, चारदा बघितला. कागदावर डाग नाही, या आजींच्या मानेपर्यंत भाजलेलं. कागदावरची बाई पन्नाशीचीसुद्धा वाटेना. म्हटलं, उगाच कुणाच्या जिवाला घोर कशाला? शेवटी खांबावरचा कागद काढला आणि त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, आजी, ही तुम्हीच का?"

"मग?" दादानं विचारलं.

"बराच वेळ बघत होत्या. कागदावरून हातबित फिरवला. मग म्हणाल्या, छे हो, ही केवढी तरुण आहे."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. तो माणूस बिचारा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला थांबावं की सांगावं कळेना.

"नंतर?" मी म्हणाले.

"नंतर बस लागली. लोक उठले तशा त्याही उठल्या आणि चढल्या. कुठली बस ते मी नाही बघितलं, माझ्याकडे गिऱ्हाईक उभं होतं." त्यानं हात कपड्याला पुसले. "जाताना कागद परत दिला मला. म्हणाल्या, नीट लावून ठेवा, पडू देऊ नका. घरची माणसं शोधत असतील हो हिला."