घर एक, आयडी एक

आमच्या सिहोऱ्यात मोबाइलमधलं सगळ्यात जास्त कोणाला कळतं, असं विचारलंत तर मी स्वतःच हात वर करीन. दुसरं कोणी माझ्यासाठी करणार नाही, हा भाग वेगळा. माझं कृषी केंद्र आहे. धानावर कोणती फवारणी करू, हे विचारायला आलेला माणूस जाताना मोबाइलचा सल्लाही फुकटात घेऊन जातो. घरातले चारही फोन मीच चालू करून दिले: माझा, बायकोचा, आईचा आणि नागपुरात नर्सिंग शिकणाऱ्या लेकीचा, खुशबूचा. फोनवाला म्हणाला, प्रत्येकाचा आयडी वेगळा ठेवा. मी त्यालाच शिकवलं. "घर एक, राशनकार्ड एक, चूल एक. मंग आयडी चार कायले?" सगळे फोन माझ्या एकाच आयडीवर बसवले आणि पुढे आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो.

आता मंडईचं सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. गेल्या वर्षी मी इन्स्पेक्टर झालो होतो. एकच प्रवेश, एकच काम: खलनायकाला बेड्या घालायच्या. लाइट डोळ्यांवर आले, समोरची सगळी माणसं सारखी दिसायला लागली, आणि मी ऐटीत जाऊन नायिकेच्या म्हाताऱ्या बापाला बेड्या घातल्या. बाप झालेले दादाजी माझ्या कानाशी म्हणत होते, "मी नाई रे, तो! तो!" मी त्यांना ओढत विंगेत घेऊन गेलो. खलनायक स्टेजवर एकटाच उरला. काय करावं ते न सुचून त्याने लोकांना नमस्कार केला.

लोक पोट धरून हसले. मीही हसलो असतो, पण माझी बायको रिता पुढे बसली होती, आणि ती सतरंजी गुंडाळत होती. नाटक अर्धं टाकून ती निघून गेली. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "परत उभे राहाल तं मी काही येनार नाई पाहाले." अजूनही दुकानात कोणीतरी विचारतंच, "भाऊ, आज कोनाले पकडता?" त्याचं मला काही वाटत नाही. रिता उठून गेली, त्याचं वाटतं. फार वाटतं.

म्हणून यंदा नाटक मंडळाच्या यादोरावांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो. भूमिकाही साधीसुधी नव्हती. सगळं गमावलेला आणि शेवटी बायकोपुढे रडणारा नवरा! ठरवलं, इतक्यात घरी कळू द्यायचं नाही. संवाद पक्के पाठ झाले की सांगायचं आणि कसंही करून रिताला पुढच्या रांगेत आणून बसवायचं. तिने एकदा तरी मला शेवटपर्यंत पाहावं, एवढीच माझी हौस होती.

दुकानामागच्या गोदामात युरियाच्या थप्पीला फोन टेकवून माझी तालीम सुरू झाली. व्हिडिओ काढायचा, पाहायचा, लाजायचं आणि परत काढायचा. एका पोत्याला मी बायको मानलं होतं. त्याच्या गळ्यात पडून रडलो की अंगाला खताचा वास लागायचा. घरी रिताने नाक मुरडलं की मी सांगायचो, गाडी खाली करत होतो. तीही मान डोलवायची. आपण किती सफाईने थापा मारतो, याचा मला अभिमान वाटायचा.

एक दिवस जेवायला घरी आलो तर अंगणातून रडण्याचा आवाज येत होता. आई, शकुनबाई, बाजेवर बसून फोन पाहत होती. फोनमधून मी रडत होतो.

"वीरेंद्र, पाय बरं," ती म्हणाली, "हा मानूस रोज पोत्याले धरून रडते. दिसते तं तुह्यावानीच. लय दुख हाये बिचाऱ्याले."

मी वाकून फोनमध्ये पाहिलं. "माय, हे तुह्या फोनमंदी कसं आलं?"

"मले काय मालूम? रोज नवीन येते. मी अन् रिता जेवल्यावर पाहातो."

मी तसाच परसात जाऊन खुशबूला फोन लावला. ती आधी पोटभर हसली, मग समजावायला लागली.

"बाबा, तुमच्या फोनचा बॅकअप चालू हाये. दुकानाचं वायफाय भेटलं का तुमी काढलेला फोटो, व्हिडिओ, सारं आपोआप आपल्या आयडीत जाऊन बसते. अन् आयडी तं तुमीच साऱ्यायचा एक ठेवला! मंग तो कोनाच्याबी फोनवर दिसनार नाई का?"

"मंजे तुले पन दिसते?"

"मलेच काय, माह्या रूममधल्या पोरीयले तुमचा पार्ट पाठ हाये."

बॅकअप म्हणजे फोनच्या आतलाच एक चोरकप्पा, असं मी इतके दिवस गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आलो होतो. त्या सगळ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. खुशबू अजून बोलत होती, "बाबा, डिलीट काही करू नका, आधी बॅकअप बंद करा, मंग मी सांगते..." पण एवढं ऐकून घेईल तो मी कसला? फोन ठेवला आणि सगळे व्हिडिओ निवडले. हे सगळ्या फोनमधून जाईल, चालेल का, असं मोबाइलने विचारलं. मी म्हटलं, चालेल काय, धावेल! व्हिडिओ कचरापेटीत गेले. मी कचरापेटीही रिकामी केली. आता परत मिळणार नाही, अशी ताकीद आली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

स्वयंपाकघरात गेलो तर रिता एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभी होती.

"व्हिडिओ कुठी गेले?"

"कोनते?"

"पोत्याचे."

खोटं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "डिलीट केले. कायमचे. रिता, मी परत पार्ट घेतला. तू येनार नाई म्हटलं होतं, म्हनून सांगतलं नाई."

"मले मालूमच होतं," ती म्हणाली. "पन डिलीट कायले केले? शेवटचा मले ठेवाचा होता. माय झोपली का मी एकटी पाहात होती तो."

त्यात पाहण्यासारखं काय होतं, ते मला कळेना. मी म्हटलं, त्यात काय, आता म्हणून दाखवतो. माझं डोकं असंच चालतं. ओट्यासमोर उभा राहिलो, घसा साफ केला आणि सुरू केलं, "सुभद्रा, माझं घर गेलं, नाव गेलं. सारा गाव मला हसला..." आणि पुढचं एक अक्षर आठवेना. इतक्या दिवसांची तालीम पाण्यात गेली. पोत्यासमोर असं कधी झालं नव्हतं.

रिता भाजीकडे पाहत होती. मान वर न करता तिने हळूच पुढचं वाक्य दिलं, "पण तू उठून गेली नाहीस."

पळी कढईतच थांबली.

"मी तं उठली होती," ती म्हणाली.

पोत्याला मिठी मारून ढसाढसा रडणाऱ्या मला त्या वेळी बायकोच्या खांद्यावर हातसुद्धा नीट ठेवता आला नाही. "लोक हसत होते, रिता," मी म्हणालो. "मीही उठलो असतो."

"लोक माह्यावर नाई, तुमच्यावर हसत होते. मी बसाले पायजे होतं." तिने पदराने डोळे पुसले आणि गॅस बारीक केला. "यंदा बसून राहीन. पुरा पार्ट भुलले तरी बसून राहीन. आता म्हना, पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून म्हणायला लागलो.