पपईची मलई

खोटं कशाला बोलू, महजबीन या घरात आली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय. धाकट्या दिराची बायको. नाशिकची, बावीस वर्षांची, हळू आवाजात बोलणारी आणि कुणी रागावलं तरी हसणारी. आता अशा पोरीचा राग तरी कसा करायचा? पण मी केला. रोज, न चुकता केला.

आमचं घर शहाद्यात. माझे मालक सत्तार आणि दीर तौफिक, दोघं पपईचा व्यापार करतात. म्हसावदकडच्या बागांतून माल उचलायचा आणि ट्रक भरून बाहेर पाठवायचा. रमजानमध्ये आमच्या इफ्तारीला फळांची मोठी परात असते आणि तिच्या मधोमध वाडग्यात मलई. म्हणायला मलई, पण असतो तो चक्का. रात्रभर फडक्यात टांगलेलं दही, त्यात साय, पिठीसाखर, वेलची, चिमूटभर केशर. हातानं इतकं फेटायचं की बोट वर उचललं तर टोक उभं राहिलं पाहिजे. त्यात कलिंगडाची नाहीतर केळ्याची फोड बुडवायची आणि तोंडात टाकायची.

अठरा वर्षं ती मलई मी केली. तीही न चाखता, कारण रोज्यात जिभेला थेंब लावायचा नाही. सगळं वासावर आणि हाताच्या अंदाजावर. एकदासुद्धा साखर कमीजास्त झाली नाही. माझ्या सासूबाई, अम्मी, पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या रशिदाच्या हातालाच जीभ आहे." अठरा वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं हे एवढंच कौतुक.

यंदा दहाव्या रोज्याला महजबीनचे आईवडील पहिल्यांदा इफ्तारीला येणार होते. सकाळीच अम्मी म्हणाल्या, "आजची मलई महजबीन करेल. तिच्या आईला दिसू दे, पोर इथं रुळली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई धानोऱ्याहून पहिल्यांदा आली होती तेव्हा मला चाळीस माणसांची भजी तळायला बसवलं होतं. ती बिचारी चुलीपाशी येऊन मला भेटून गेली. तेव्हा नाही कुणाला वाटलं, हिच्या आईला काही दिसू दे. पण बोलले का मी? "हो अम्मी," म्हणाले आणि कांद्यावर राग काढला.

त्यात दूधवाली जसोदाबाई दारात. तिला सगळ्या गल्लीची खबर. "काय वं रशिदा, आज मलई नवी वहू करी ऱ्हायनी म्हने?"

"हो. आम्ही म्हातारे झालो ना आता," मी म्हणाले आणि पातेलं तिच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतलं.

दुपारी महजबीननं फोन डब्याला टेकवून उभा केला आणि कामाला लागली. चक्का माझा, मीच रात्री टांगलेला. तिनं निम्मा घेतला, साखर घातली, फेटायला लागली. हात बरा होता तिचा, नाही म्हणत नाही. मग म्हणाली, "भाभी, नाशकात याला डिप म्हणतात. यात पपईचा गर घालायचा, रंग बघा कसा येतो." आणि सकाळीच चिरलेल्या पपईच्या चार फोडी वाटून तिनं त्यात कालवल्या. रंग आला, खोटं नाही बोलणार. माझ्या मलईला असा रंग कधी आला नव्हता.

आता पपईवाल्या घरातल्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते, ती नाशिकच्या पोरीला कुठून ठाऊक असणार? पपई दुधादह्यात कालवून ठेवली की कडू होते. तासा-दोन तासांत. म्हणून पपईची फोड मलईत बुडवायची ती खाताना. आधी कालवायची नाही. एवढं एक वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी तोंड मिटून घेतलं. वाडगा फ्रीजमध्ये गेला आणि मी मनातल्या मनात म्हटलं, होऊ दे आता फजिती. रंगाचं लोणचं घालतील पाहुणे.

चारेक वाजता ती माझ्या कानाशी आली. "भाभी, तुमचा आज रोजा नाही ना?"

नव्हता. बायकांना त्या चार दिवसांत रोजा माफ असतो. पण घरातल्या पुरुषांना ते कळू द्यायचं नसतं. आम्ही पाणीसुद्धा आडून पितो आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर हातात खजूर धरून अजानची वाट बघतो. पण स्वयंपाकघर दोघींचं एकच, तिच्यापासून काय लपणार?

"जरा चाखून बघता?" ती म्हणाली. "तुमच्यासारखा अंदाज नाही मला. माझ्या अम्माला आवडलं पाहिजे हो."

मी चमचा घेतला. आधी गोड लागलं, मग वेलची. आणि मग घशाशी असं कडू आलं, औषधाची गोळी जिभेवर विरघळल्यासारखं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. फ्रीजमध्ये निम्मा चक्का शिल्लक होता. अजानला अजून अडीच तास होते. दोघींनी हात लावला असता तर अर्ध्या तासात नवी मलई झाली असती.

"मस्त झालीय," मी म्हणाले. "साखर अगदी बेताची."

तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही होता म्हणून, भाभी." मी हात सोडवून घेतले आणि भज्यांचं पीठ कालवायला लागले. चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. याची आता लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

संध्याकाळी जमिनीवर दस्तरखान अंथरून सगळे बसले. तिचे आईवडील, अम्मी, सत्तार, तौफिक, आम्ही दोघी. अजान झाली, खजूर झाला, पाणी झालं. अम्मींनी वाडगा स्वतः विहीणबाईंपुढे सरकवला. "घ्या, तुमच्या लेकीच्या हातची."

विहीणबाईंनी कलिंगडाची फोड चांगली भरपूर बुडवली. तोंडात घातली आणि थांबल्या. थुंकता येईना, गिळता येईना. शेवटी गिळली आणि घाईनं पाणी प्यायल्या. मग अम्मींनी घेतली. "अरे? कडू कशी झाली?"

तौफिक चिडला. तिच्या आईबापांदेखत बायकोला म्हणाला, "एक काम सांगितलं होतं तुला. बघायचं तरी ना नीट!"

"रोज्यात चाखणार कशी ती?" सत्तार म्हणाले.

तेव्हा महजबीननं माझ्याकडे बघितलं. 'भाभींनी चाखली होती,' एवढे तीन शब्द तिला पुरले असते. पण ते शब्द दिरासमोर, नवऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर मला उघडं पाडणारे होते, आणि ते तिलाही कळत होतं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "भाभींना विचारायला हवं होतं मी."

तिच्या अम्मानं मान खाली घातली. वडील उगाच केळं सोलत राहिले. आणि आमच्या अम्मी उठून तिच्याजवळ गेल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "होतं गं बेटा. माझ्या पहिल्या वर्षी तर खीर करपली होती."

बघा म्हणजे! मलई कडू झाली तरी लाड तिचेच. अठरा वर्षं माझी मलई बिघडली नाही, म्हणून कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. मी तिथं बसून जळत होते, आणि सगळ्यात जास्त कशानं जळत होते सांगू? ती गप्प राहिली त्यानं. तिच्या जागी मी असते तर बोलून मोकळी झाले असते. मलईत मी तिला हरवलं होतं आणि इथं ती मला मागं टाकून गेली होती.

पाहुणे बैठकीत गेल्यावर ती भांडी घासायला बसली. मी दारात उभी. तिचे डोळे लाल होते, पण आवाज तसाच हळू.

"भाभी, तुम्ही चाखली तेव्हा कडू नसेल लागली ना? नंतर झाली असेल."

केवढी मोठी वाट करून दिली तिनं मला! नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण तेही तिच्याकडून घ्यायचं? तिच्या चांगुलपणावर जगायचं मी?

"लागली होती," मी म्हणाले. "कडूजहर होती. दुपारी तू पपई घातलीस तेव्हाच मला माहीत होतं."

तिचा हात थांबला. नळ तसाच वाहत होता.

"इतका राग, भाभी?" तिनं विचारलं.

बाहेरून अम्मींची हाक आली, "रशिदा, उद्यापासून मलई तूच कर गं बाई."

"हो अम्मी," मी म्हणाले आणि चक्का टांगायला दही काढायचं म्हणून फ्रीजकडे गेले. महजबीन उठून बाजूला झाली. पदर सावरून, भिंतीला लागून, अनोळखी माणसाला वाट द्यावी तशी.