जावळाची शेवटची बट

जनरल इलारियोन उर्किएता सत्ता गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी कोल्कापाम्पाच्या चढाला लागला, तेव्हा त्याच्या अंगावर ड्रायव्हरचा पोंचो होता आणि पायात स्वतःचे बूट. बाकी सगळं गेलं होतं. गाडी, नोटांची पेटी आणि सेवेरो ड्रायव्हर असे तिघे मिळून काल सकाळी पसार झाले. जनरल ओढ्यावर तोंड धुवायला उतरला होता, तेवढाच वेळ त्यांना पुरला.

हा सेवेरो नऊ वर्षं रोज संध्याकाळी त्याच्याशी पत्ते खेळायचा आणि रोज हरायचा. एकदा जनरलनं मुद्दाम चुकीची पानं टाकून पाहिली. बिचारा सेवेरो पांढराफटक पडला आणि त्याहून चुकीची पानं टाकून हरला. आपल्याशी खरं खेळणारं आता कुणी उरलं नाही, हे जनरलला त्या दिवशी कळलं. कळलं आणि त्यानं पुढचा डाव वाटायला सांगितला. करणार काय? काल मात्र सेवेरोनं एक डाव जिंकला.

असतील शितं तर जमतील भुतं. शितं परवा संपली. क्रांतीतले जिवाभावाचे तीन मित्र. त्यातल्या एकाला त्यानंच देशाबाहेर घालवलं, एकाला भिंतीपाशी उभं केलं, आणि तिसऱ्यानं परवा पहाटे त्याची खुर्ची घेतली. एवढ्या मोठ्या देशात ज्याचं दार वाजवावं असं घर आठवायला त्याला दोन दिवस लागले. एकच आठवलं. घाटाखालचं शेवटचं, कोंपाद्रेचं.

नऊ वर्षांपूर्वी तो इथं आला तेव्हा साधा कर्नल होता. मागं उपाशी शिपाई, पुढं सरकारी फौज. नेमकं त्या दिवशी या घरी दोन वर्षांच्या पोरीचं जावळ होतं. केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेल्या, सगळा गाव जमलेला, मक्याची दारू फिरतेय. घरधन्यानं जेवू तर घातलंच, वर कात्रीही त्याच्याच हातात दिली. पहिली कात्री लावणारा पोरीचा धर्मबाप होतो आणि आईबापांचा कोंपाद्रे, म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा; पोरीची आई त्याची कोमाद्रे. त्यानं एक बट कापली असेल नसेल, तोच घोडेस्वार आला: राजधानी पडली! कर्नल उठला. "आठ दिवसांत येतो, उरलेलं कापतो," म्हणाला. ज्यानं आरंभ केला त्यानंच शेवट करायचा, ही रीत त्याला ठाऊक होती.

ते आठ दिवस नऊ वर्षं चालले. पहिलं वर्ष खरोखर चांगलं गेलं, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल करावं. जमिनी वाटल्या, रविवारी दार सगळ्यांना उघडं ठेवलं. मग रविवारचं दार सुरक्षेसाठी बंद झालं. मग पुतळे आले. मग तुरुंग लहान पडायला लागले.

दार वाजवल्यावर एक बाई बाहेर आली. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मी, कोमाद्रे. इलारियोन."

"फोटोत उंच दिसता," पोरीची आई बासिलिया म्हणाली.

फोटो खिडकीतच होता. काच फुटलेल्या जागी खिळ्यांनी ठोकलेला, छातीवर पदकं, खाली छापील सही. शेजारच्या खिडकीतही तोच.

"पत्र पाठवलं होतं, कात्री लावायला या म्हणून. फोटो आला. दुसरं पाठवलं, दुसरा फोटो आला. दोन्ही खिडक्या बुजल्या, मग पत्रं थांबवली."

"कोंपाद्रे कुठंय? लामांच्या कळपामागं गेलाय का?"

"सांता रुफिनाच्या खाणीवर गेला होता," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी. संप होता तेव्हा."

सांता रुफिनाची यादी त्याच्या टेबलावर आली होती. गोळ्या घालायच्या संपकऱ्यांची अडतीस नावं. शिंपी नव्या कोटाचं माप घ्यायला थांबला होता, म्हणून त्यानं न वाचताच सही केली होती.

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. सीमा वर घाटात होती आणि घाटाची दलदल चुकवणारी वाट या घराला ठाऊक होती. तीही आता गेलीच, असं त्याला वाटलं.

"कोंपाद्रेला दारातून हाकलत नाहीत," बासिलिया म्हणाली. "पण आधी जावळ. मग वाट."

"कोमाद्रे, शिपाई मागावर असतील..."

"पोर अकरा वर्षांची झाली! जावळ नाही म्हणून तिच्या नावावर एक लामा नाही, सणाला नाचात कुणी घेत नाही. गावातली पोरं झिपरी म्हणतात. तुम्हाला घाई आहे होय?"

फेलीपा आतून आली. केस गुडघ्यापर्यंत, जटा झालेले. ती आईपुढं बसली आणि आईनं वेण्या घालायला घेतल्या. अठरा झाल्या. मग बासिलियानं कुंपणाशी जाऊन गावाला हाक दिली. एकेक बट एकेकानं कापायची आणि पोरीला काहीतरी द्यायचं, अशी रीत. एकही दार उघडलं नाही. फक्त एका भिंतीआडून म्हातारीचा आवाज आला, "त्याच्या हातचं जावळ त्यालाच लखलाभ!"

म्हणजे अठराही त्यानंच कापायच्या आणि अठरा वस्तूही त्यानंच द्यायच्या.

नोटा गाडीत ठेवणाऱ्या या शहाण्यानं पदकं मात्र खिशात ठेवली होती. पहिल्या बटेला त्यानं शौर्यपदक दिलं. दुसऱ्या बटेला क्रांतिपदक, तिसऱ्या बटेला स्वतःच स्वतःला दिलेलं एक मोठं सोनेरी.

"याचं काय करायचं गं आई?"

"लामांच्या गळ्यात बांध. हरवल्या तर आवाजावरून सापडतील."

पदकं संपली, मग घड्याळ गेलं, अंगठी गेली, कंगवा गेला. दर बटेला तो खिडकीकडं पाहायचा. खिडकीत त्याचाच चेहरा, बाहेरचं काही दिसेना. तरी त्याला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगायचं, किती वर्षांत कुणाच्या डोक्याला त्यानं हात लावला नव्हता. पोरीचं डोकं गरम होतं.

सतराव्या बटेला त्यानं पेन काढलं आणि थांबला.

"हेच का ते, यादीवरच्या सहीचं?" बासिलियानं विचारलं.

त्यानं मान डोलावली. तिनं ते चिमटीत धरून घेतलं आणि चुलीत टाकलं.

एक बट उरली. खिसे उलटे केले, त्यात काही नव्हतं. तो वाकून बूट सोडायला लागला.

"बूट नकोत," फेलीपा पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "वर बर्फ आहे. वस्तू नको मला. माझ्या बापाचं नाव सांगा, बास."

"कोंपाद्रे..." जनरल म्हणाला.

"ते नातं झालं. नाव सांगा."

त्याला सगळं आठवत होतं. भेगाळलेले हात, पुढचा तुटका दात, स्वतःच्या पिशवीतली चघळायची कोकाची पानं पुढं करताना खाली घातलेली मान. नऊ वर्षं प्रत्येक भाषणात त्यानं 'डोंगरातला माझा गरीब कोंपाद्रे' म्हटलं होतं आणि दर वेळी टाळ्या पडल्या होत्या. नावाची गरज कधी पडलीच नव्हती. आणि पडली तेव्हा ते अडतिसांत होतं.

पोर वाट पाहत राहिली. घाई केली नाही, रागावली नाही. बऱ्याच वेळानं तिनं त्याच्या हातातून कात्री काढून घेतली आणि शेवटची बट स्वतःच कापली.

"फेलीपा!" बासिलियानं छातीवर क्रूस काढला. कुणी असं केलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"झालं, आई," पोर म्हणाली आणि बोडक्या डोक्यावर लोकरी टोपी घालून लामा आणायला निघून गेली.

बासिलियानं केस गोळा करून फडक्यात बांधले. "म्हणजे संपलं आपलं," ती म्हणाली. "आता तुम्ही कुणीच नाही." तरी तिनं चार उकडलेले बटाटे त्याच्या हातावर ठेवले आणि दारात येऊन बोट दाखवलं. "काळ्या कड्याच्या उजवीकडून जा, डावीकडं दलदल आहे. वाट काय, कुणालाही सांगतो आम्ही. वर दगडांची रास लागेल. तिथं एक दगड ठेवायचा, आपल्या मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि पलीकडं उतरायचं. नाव घेतल्याशिवाय आमच्यातलं कुणी उतरत नाही."

तो दहा पावलं गेला असेल, तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"आणि पळू नका, दम लागेल. सकाळी गुरुजींच्या रेडिओवर सांगत होते, तुम्हाला कुणी शोधत नाहीये. गेला तर बरंच, म्हणाले."

रास घाटमाथ्यावर होती. पलीकडं दुसरा देश सुरू होत होता, तोही इकडच्यासारखाच उजाड. जनरलनं एक दगड उचलला. आईचं नाव त्याला आठवत होतं. भिंतीपाशी उभ्या केलेल्या मित्राचंही आठवत होतं. पण दगड त्यांच्यासाठी उचललेला नव्हता.

"मारियानो?" तो मोठ्यानं म्हणाला. वारा सुटला होता. "लुकास?"

खाली उतारावर लामा घराकडं वळत होत्या. त्यांच्या गळ्यात काहीतरी किणकिणत होतं.

मागावर कुणी नव्हतं, त्यामुळं घाईही नव्हती. दगड मांडीवर घेऊन तो राशीपाशी बसला आणि एकेक नाव घेऊन पाहू लागला.