कोमट पाणी

म्हाळसाबाईने सकाळीच न्हाणीचा पडदा बाजूला सारला आणि आपला संशय खरा ठरला म्हणून तिला क्षणभर बरंच वाटलं. आत बानाबाई घमेल्यातल्या कोमट पाण्यात दोन्ही हात बुडवून बसली होती. बोटांचे सांधे सुजलेले, बोटं एका अंगाला कललेली.

पिशोरहून म्हाळसाबाई आणि तिचा लेक भिकन काल मुलगी पाहायला मुकुंदवाडीत आले होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद झालं, गाड्या थांबल्या, म्हणून मुक्काम पडला. मुलगी सारजा पसंत पडली होती. पण मुलीच्या आईचे, बानाबाईचे, हात काल दिवसभर पदराबाहेर आले नाहीत, आणि म्हाळसाबाई डोळ्यात तेल घालून पाहत होती.

"लपवीत व्हत्या ते हेच का?"

"संधिवात हाय. सकाळी मूठ वळत नाय," बानाबाई म्हणाली. "डॉक्टर म्हनले, रक्तातून येतो. पर समद्यांनाच व्हतो असं नाय. माझ्या थोरल्या बहिणीला काईच नाय."

"आन् सारजाला?"

"आजपस्तोर तरी नाय."

"उद्याचं कुणी पाह्यलं? आम्ही मेंढी घेतानाबी तिच्या मायचे पाय पाहतो, बाई."

बानाबाईने मान खाली घातली. सारजा गरम पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली होती. लग्न मोडलं, हे तिला कळलं.

"भिकन, पिशवी घे," म्हाळसाबाईने हाक मारली. "गाड्या सुरू झाल्या असतील."

भिकन आला. वाळूजच्या कंपनीत कायम झालेला, उंचापुरा पोरगा. त्याने पिशवी बोटांनी धरली नाही. बंदातून मनगट घातलं आणि ती कोपरापर्यंत सरकवली.

बानाबाई त्याच्याकडे पाहतच राहिली.

"रोज सकाळी व्हतं का, बाबा?"

"मशीनवर उभा राहतो, थकतो," म्हाळसाबाई घाईने म्हणाली.

भिकनने मायकडे पाहिलं. "आजीलाबी असंच व्हतं," तो हळूच म्हणाला.

म्हाळसाबाईचा चेहरा उतरला. बानाबाईने हात पदराला पुसले, पण पदराखाली घेतले नाहीत. तिने घमेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"घाल हात. बरं वाटंल."

सारजाने पुढे होऊन घमेल्यात गरम पाणी ओतलं. भिकनने हात बुडवले आणि डोळे मिटले.

"तुम्ही बसा बाई," बानाबाई म्हणाली. "लेक द्यायची का नाय, ते आता मला पाहू द्या."

म्हाळसाबाई बसली.