लाल म्हणजे जालीम

विज्ञान माणसापासून काहीच लपवत नाही. ते काम शेवटी नवऱ्यालाच करावं लागतं.

पुष्पाबाईच्या मानेवरची गाठ काढून तपासायला दिली होती. रिपोर्ट आणायला रामकिसन भोकरदनहून जालन्याच्या लॅबमध्ये गेला, तर काउंटरवर कोणी नाही आणि कॉम्प्युटर उघडा. वर बायकोचं नाव, खाली गाठीच्या तुकड्याचा मोठा केलेला फोटो. सगळं गुलाबी, आणि मधोमध लालभडक पट्टा.

लालचा अर्थ सांगायला त्याला डॉक्टर लागत नव्हता. फवारणीच्या औषधाच्या डब्यांवर तो जन्मभर हेच बघत आला होता. हिरवा बरा, निळा चालतो, पिवळा जपून, लाल म्हणजे जालीम विष.

"डॉक्टर मॅडमची सही राह्यली, काका. दुपारी फोन करतो," आतून आलेला टेक्निशियन मिथुन म्हणाला. त्याचं 'काका' रामकिसनला जरा जास्तच मऊ वाटलं.

पुष्पाला कळू द्यायचं नाही, हे त्यानं बसमध्येच ठरवलं. वाटूरच्या मेव्हण्याला, म्हस्कूला, तेवढा फोन केला. "कुणाला बोलू नको." म्हस्कू बोलला नाही. फक्त बहिणींना बोलला.

घरी पोचताच पुष्पाबाईनं विचारलं, "काय म्हणले?"

"काय न्हाई. तू बस. भांडे मी घासतो."

तिचा चेहरा उतरला. "लग्न झाल्यापसून पेला उचलला न्हाई तुमी," ती हळूच म्हणाली. "मंग किती दिवस राह्यलेत म्हणं माझे?"

त्यानं परात घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली. तेवढ्यात फोन वाजला. दोघंही फोनकडं साप निघाल्यासारखे बघत राहिले. शेवटी तिनंच उचलला आणि स्पीकर लावला.

"काका, चरबीची गाठ हाये. साधी. बिलकुल घाबरू नका."

"अन् ते लाल?" रामकिसननं परात हातात धरूनच विचारलं.

"तुमी बघितलं व्हय! काचेवर ठेवताना गाठीच्या पापुद्र्याला घडी पडल्ती. तिथलं काही धरू नका म्हणून कॉम्प्युटर तेवढं लाल करतो. बाकीचं मॅडमनी बराबर बघितलं."

 पुष्पाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या हातातली परात काढून घेतली.

फोन पुन्हा वाजला. म्हस्कू होता. रडतच सांगत होता की बहिणींच्या घरच्यांनी भरलेल्या दोन जीपा राजूरच्या पुढं आल्यात.

पुष्पाबाईनं त्याच परातीत पीठ घेतलं.