गुडघाभर ढिगारा

हातातला चमचा खण्णकन फरशीवर पडला आणि दुपारची शांतता तडकली. नकाशावालीने जीभ चावली. तासभर थोपटून निजवलेली बुटकी डोळे चोळत उठून बसली. एका गालावर उशीची घडी उमटलेली.

"आई, भूक."

लेकीला कडेवर घेऊन ती खिडकीशी गेली. खाली चौक, चौकात नवा गोल. रस्ते खात्याचा असला तरी त्याचा नकाशा तिनेच काढलेला, बुटकीला मांडीवर घेऊन. पूर्वी इथे गाड्या सुसाट येऊन एकमेकींच्या बरगड्यांत घुसायच्या. दोन वर्षांत सात माणसं गेली. गोलाला वळसा घालायचा म्हटलं की वेग आपसूक उतरतो. फक्त मधला मातीचा ढिगारा छातीइतका उंच हवा, म्हणजे उतारावरून येणाऱ्याला पलीकडचा रस्ता दिसत नाही आणि पाय ब्रेकवर जातो. हे तिला तोंडपाठ होतं. तरी कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले काका खात्यातल्या साहेबांकडे खेटे घालू लागले, "आमची पाटी झाकली जाईल हो!" आणि साहेब म्हणाले, "करा की जरा कमी, कशाला वाकड्यात शिरायचं?" तेव्हा तिने खोडरबर उचललं. छातीचा ढिगारा गुडघ्यावर आणला. खाली सही ठोकली.

उतारावरून टेम्पो आला. वेग कमी झालाच नाही. चाकं ढिगाऱ्यावर चढली, टेम्पो उडाला आणि निमूट वळसा घालणाऱ्या दूधवाल्याच्या सायकलीवर आडवा कोसळला. दूध आणि रक्त एकाच उताराने वाहू लागलं.

दूधवाल्याची मांडी पत्र्याखाली चेंगरली होती, पण तिकडे कोण बघतंय? पन्नास माणसं चालकावर तुटून पडली. केसांना धरून त्याला फुटक्या काचेतून ओढलं.

घरात लेकराला एकटं कसं ठेवणार? तिला तशीच छातीशी धरून ती तीन जिने उतरली.

"एवढा गोल दिसला नाही? डोळे काय घरी ठेवून आलास?"

"नाही दिसला हो, आईशप्पथ! समोर सरळ रस्ता दिसला..."

"वर तोंड करून बोलतोय!"

लाथ तोंडावर बसली. दोन दात रस्त्यावर पडले. काका दुकानातला लोखंडी पाइप घेऊनच आले होते. एक फटका बरगड्यांत बसला, दुसरा डोक्याच्या दिशेने उठला.

"इथून हलायचं नाही हं, राणी," म्हणत तिने बुटकीला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि गर्दीत मुसंडी मारली. पाइप तिच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला.

"बाई, मध्ये कशाला कडमडता!"

"खरं बोलतोय तो!" ती किंचाळली. "ढिगारा उंच असता तर समोरचा रस्ता दिसलाच नसता त्याला. मी कमी केला. नकाशा माझा, सही माझी. आणि आधी तो टेम्पो उचला रे, माणूस मरतोय खाली!"

दहाबारा जण तिकडे धावले. बाकीचे मात्र जागचे हलले नाहीत.

"कमी करायला सांगितलं कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी नजर चुकवली.

"आम्ही आपलं म्हटलं," ते पुटपुटले. "इंजिनियर तुम्ही आहात ना?"

चालक तिच्या पायाशी मुटकुळं करून थरथरत होता. पायांच्या जंगलातून वाट काढत बुटकी आलीच. त्याच्या तोंडातून गळणारं रक्त बघत उकिडवी बसली.

"यांनी नाही पाडलं दूधवाल्यांना?"

"एकट्यांनी नाही गं, सोन्या."

"तू पण?"

"हो. मी पण."

बुटकीने काकांच्या हातातल्या पाइपकडे बघितलं. मग आईकडे.

"मग तुला कधी मारणार हे?"